तबेल्याचं आढं

सकाळी धुकं होतं आणि धुक्याच्या पोटात वारा दबा धरून बसला होता. कौलांचं काम करणाऱ्याला ऊन चालतं, थंडी चालते, वारा चालत नाही. मनीमावशीनं नाक वर करून हवेचा अंदाज घेतला, "येणार हा, उन्हं चढली की येणार," असं स्वतःशीच म्हणाली आणि तबेल्याच्या भिंतीला पाठ टेकून पुन्हा कौलं वाजवायला लागली. एक कौल मांडीवर घ्यायचं, बोटाच्या पेरानं ठोकायचं. खणकन बोललं तर उजव्या ढिगात, बद्द बोललं तर डाव्या. एक गुडघा तिनं समोर लांब केला होता, आणि त्यावर सुनेनं पहाटेच औषध चोळून घट्ट पट्टी बांधली होती.

"वाजवून काय कळतं हो मावशी? सगळी सारखीच तर वाजतात," समोरच्या बंबखान्यातला एक जण दात घासता घासता म्हणाला.

"तुझं डोकं आण इकडं. तेही वाजवून बघू. डाव्या ढिगात जाईल."

बंबखान्यात हशा पिकला. त्या हशात मावशीचा मुलगाही होता. तो तिथलाच ड्रायव्हर. आग विझवायचा, शिडी लावलेला मोठा बंब तो अरुंद गल्लीतून असा काढायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण त्याच शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्याला घाम फुटायचा. आईचं काम त्यानं घेतलं नाही ते यामुळे. मावशी त्याला कधी टाकून बोलली नाही. "आमच्याकडे उंची बाईच्या वाट्याला आलीय," एवढंच ती म्हणायची, आणि म्हणताना थोडी जास्तच ताठ व्हायची.

मनी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. फ्रॉकमध्ये असताना ती बापामागोमाग आढ्यावर, छपराच्या सगळ्यात वरच्या धारेवर, चढायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात न टेकता चालत जायची. खालून कुणी तरी ओरडलं, "अरे, मनी आहे की काय ही!" तेव्हापासून ती मनी. पुढे लग्न झालं, मूल झालं, केस पिकले, मनीची मनीमावशी झाली. चाल तीच राहिली.

छावणी म्हणतात या भागाला. छावणीतले सैनिक मावशीच्या जन्माच्या कितीतरी आधी निघून गेले होते. मागे राहिली ती जाड भिंतींची, उंच कौलारू घरं. सरकारला ती पाडायला जड आणि ठेवायला महाग. मग ज्याला जागा पाहिजे त्यानं मागावी आणि मिळावी, असं होत गेलं. सैनिकांच्या इस्पितळाचं प्रसूतिघर झालं, तिथं मावशी जन्मली. बराकीत शाळा भरायला लागली, तिथं ती चार इयत्ता शिकली आणि पाचव्या इयत्तेत छपरावरच जास्त सापडायला लागली. अधिकाऱ्यांच्या जेवणघरात लग्नं लागायला लागली, तिचंही तिथंच लागलं. दारूगोळ्याच्या कोठाराचं वाचनालय झालं. त्याच्या भिंती एवढ्या जाड की आत गेलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, ग्रंथपालाला कुणाला गप्प करावं लागत नाही. पहाऱ्याच्या चौकीत कैदी डांबायची कोठडी होती, तिथं आता सायकली दुरुस्त होतात. "पूर्वी आत माणसं वाकडी होती, आता चाकं वाकडी आहेत," असं तो सायकलवाला प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो.

आत काहीही होवो, वरची कौलं मात्र मावशीच्या घराण्याकडे. आधी आजा, मग बाप, मग ती. छावणीतलं एकही आढं असं नव्हतं की ज्यावर तिच्या पावलाचा मळ लागला नाही. शाळेतल्या बाई मुलांना फळ्यावर छावणीचा नकाशा काढून दाखवायच्या. मावशीला विचारलं तर ती म्हणायची, "मला हे सगळं वरून पाठ आहे. तुम्ही लोक दारं बघता, मी आढी बघते."

या घराण्याची मोजायची एक वेगळीच रीत होती. छपरावरची जागा सांगायची ती खाली पूर्वी काय होतं त्यावरून. बराकीचं छप्पर खाटांवर मोजायचं, कोठाराचं पिंपांवर आणि तबेल्याचं घोड्यांवर. खाली एक जण उभा राहून वर बघतो, फटीतून उजेड दिसला की ओरडतो, "पाचवी खाट, झाडांची बाजू!" वरचा माणूस बरोबर पाचव्या खाटेवर जातो. आता तिथं खाट नाही, बाकं आहेत, बाकांवर पोरं पाढे म्हणतात. पण छपराच्या हिशेबात सैनिक अजून झोपलेलेच आहेत. तबेल्यात तर खूणही शिल्लक होती. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या होत्या. एक कडी म्हणजे एक घोडा. मोजायला सुरुवात नेहमी जुन्या दारापासून, हा बापानं घालून दिलेला नेम.

मावशी वर आणि तिचा नवरा खाली, अशी जोडी कितीतरी वर्षं चालली. नवरा स्वभावानं गरीब, आवाजानं तोफ. तो गेला आणि त्याच्या जागी सून उभी राहिली. सून गच्चीच्या घरातली. माहेरी कौल बघितलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं सासूला आढ्यावर चालताना पाहिलं आणि घरात जाऊन पाणी प्यायली. पण दोनच वर्षांत ती खालून असं अचूक ओरडायला शिकली की मावशी बाजारात बायकांना सांगायची, "माझी सून आंधळ्यालासुद्धा छपरावर चालवेल." हळूहळू सून वळचणीपर्यंत चढली, मग छपराच्या मध्यापर्यंत. आढं मात्र मावशीचं. तिथं सुनेला तिनं अजून जाऊ दिलं नव्हतं.

आणि मग मावशी पडली. छपरावरून नव्हे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून, हातात धुण्याची बादली घेऊन. सगळ्या छावणीला हसू आवरेना, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं मावशीच हसली. पण गुडघा काही हसला नाही, टम्म फुगला.

पडली तीही नेमकी वेळ साधून. तबेला पुन्हा रूप पालटत होता. घोड्यांनंतर तिथं लष्करी ट्रक आले होते, तेव्हा जुनं दार बुजवून दुसऱ्या टोकाला मोठं दार पाडलं. ट्रकनंतर धान्याची पोती, पोत्यांनंतर छापखाना. आता तिथं पाळणाघर होणार होतं, आसपासच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. आतून रंग झाला होता. छताला फळ्या ठोकायचं काम उद्यापासून. फळ्या बसल्या की खालून कौलं कधीच दिसणार नव्हती, म्हणून छप्पर आज पक्कं व्हायला हवं होतं. इमारती सांभाळणाऱ्या ओव्हरसियरनं कालच येऊन स्वच्छ सांगितलं होतं.

"मावशी, मला कौलं आवडतात. पण उद्या एखाद्या तान्ह्याच्या तोंडावर पाणी टपकलं तर कौलं आवडतात म्हणून मला कुणी सोडणार नाही. दुपारी बंबाचं पाणी मारून बघू. गळलं, तर पत्रा. पत्रे आणून ठेवलेत. आणि एकदा इथं पत्रा बसला की वरचे साहेब म्हणतील, मग शाळेलाही पत्राच घाला, प्रसूतिघरालाही घाला."

"गळणार नाही," मावशी म्हणाली होती.

"वर कोण चढणार? तुमचा पाय हा असा."

मावशीनं सुनेकडे पाहिलं. सून कौलं पुसत होती, तिनं मान वर केली नाही. "आहे माणूस," मावशी म्हणाली. घराण्याची सगळी छपरं आता एका आढ्यावर येऊन बसली होती, आणि त्या आढ्यावर ही गच्चीच्या घरातली पोर चढणार होती.

उन्हं वर आली तशी सूनही वर गेली. साडीचा काष्टा घट्ट, कमरेला दोर. मावशीनं जन्मात दोर बांधला नव्हता. तिनं तोंड वाकडं केलं.

"दोर कशाला? बकरी आहेस?"

"बकरी तर बकरी. बकरी डोंगरावर चढते आई, कधी पडलेली ऐकलीत?" सून शिडीवरून म्हणाली.

दोराचं दुसरं टोक छपराच्या पलीकडच्या उतारावरून खाली आलं होतं. तबेल्याच्या त्या अंगाला बाहेर घोडे बांधायचे लोखंडी खुंट रांगेनं उभे होते. त्यातल्या एका खुंटाला दोराचे वेढे देऊन मावशीचा मुलगा तो घट्ट धरून उभा राहिला. वर बघायचं नाही, अशी त्यानं स्वतःला शपथ घातली होती. तो खुंटाकडे असा बघत होता, जणू खुंटच त्याची बायको आहे.

मावशी लंगडत आत गेली. मोठ्या दाराशी एक लाकडी खोकं पालथं होतं, त्यावर बसली आणि मान मागे टाकून वर पाहिलं. उभ्या जन्मात तिनं हे छप्पर खालून असं पाहिलं नव्हतं. छप्पर पेलणाऱ्या लांबलचक कैच्या एकीमागून एक, वाशांच्या ओळी, त्यावर आडव्या पट्ट्यांच्या रिपा, रिपांवर लाल कौलांचा पसारा. "अगंबाई," ती हळूच म्हणाली, "केवढं सुंदर आहे हे." क्षणभर ती कामच विसरली. मग आढ्याच्या लगेच खालच्या ओळीत तिला उजेडाची बारीक चीर दिसली. तिनं भिंतीतल्या कड्या मोजल्या आणि नवऱ्यासारखा आवाज लावला.

"चौथा घोडा! रस्त्याची बाजू! आढ्याखालची ओळ!"

"चौथा घोडा!" वरून प्रतिसाद आला. पावलांची खसखस झाली.

"आई, इथलं सगळं धड आहे."

"धड कसलं? मला आभाळ दिसतंय!"

"अहो, मी हातानं चाचपून बघतेय. एकही फुटलेलं नाही."

"मी डोळ्यांनी बघतेय ना इथून! काढ ते वरचं कौल. काढ म्हणते ना!"

वर सुनेनं कौल उचकटलं. आणि मावशीच्या डोळ्यांदेखत तबेल्याच्या पार पलीकडच्या टोकाला, अंधारात, चांगली ताटाएवढी आभाळाची खिडकी उघडली. त्याच वेळी वाऱ्यानं पहिली उसळी घेतली. खिडकीच्या कडेचं एक कौल हललं, घसरलं आणि खाली फरशीवर येऊन फुटलं. मावशीच्या डोक्यावरची चीर मात्र होती तशीच.

मावशी उघड्या तोंडानं कधी इकडे, कधी तिकडे बघत राहिली. ती बसली होती नव्या दाराशी. कड्या तिनं स्वतःपासून मोजल्या होत्या. वर असताना तिला मोजायचं कुठून हा प्रश्नच पडला नव्हता. शिडी नेहमी जुन्या दाराच्या टोकाला लागायची, तिथून चालायला लागलं की घोडे आपोआप पायाखालून जायचे. खाली दोन दारं आहेत आणि त्यातलं एक बुजलेलं आहे, हे ध्यानात ठेवायचं काम आजवर दुसऱ्याचं होतं. सुनेला तिनंच शंभर वेळा बजावलं होतं, जुन्या दारापासून मोज. सून तशीच मोजून बरोबर जागी गेली होती.

"आई? काय झालं? फुटल्याचा आवाज आला. कुणाला लागलं नाही ना?"

"नाही," मावशी ओरडली. मग म्हणाली, "पोरी, मी उलटे घोडे मोजले गं. नव्या दारापासून."

वरून सुनेचं हसू ऐकू आलं. "म्हणजे मी चांगलं छप्पर फाडलं?"

"फाडलंस. माझ्या सांगण्यावरून फाडलंस. आता ते भोक झाक आणि खाली उतर. वारा सुटलाय."

"आणि ती चीर?"

"राहू दे चीर. पार या टोकाला आहे. एवढं लांब आढ्यावरून या वाऱ्यात यायचं नाही. बसू दे पत्रा."

हे बोलल्यावर मावशीला स्वतःचाच आवाज परका वाटला. आज्यापासूनची छपरं तिनं एका वाक्यात सोडून दिली होती, आणि सोडताना जराही वाईट वाटलं नव्हतं. तिला फक्त ती पोर शिडीवरून उतरताना दिसायला हवी होती.

सून उतरली नाही. शिडीवरून बरोबर वर नेलेल्या कौलांतली दोन तिनं भोकावर बसवली, दाबून पाहिली आणि राहिलेली तीन पाठीवरच्या पिशवीत सरकवली. मग ती आढ्यावर चढली, पण उभी राहिली नाही. आढ्याच्या दोन्ही अंगांना दोन पाय टाकून ती घोड्यावर बसल्यासारखी बसली आणि हातांवर जोर देत इंच इंच पुढे सरकायला लागली.

बंबखान्यातले सगळे बाहेर आले. सायकलवाला आला. "अहो मावशी," तो दारातून ओरडला, "तबेल्याला घोडेस्वार मिळाला!"

मावशी लंगडत अंगणात गेली. आढ्यावर असं बसून सरकणाऱ्यांची तिनं आजवर टिंगलच केली होती. बाप म्हणायचा, आढ्यावर चालायचं नसेल तर भाजी विकावी. आता तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. वाऱ्यानं सुनेचा पदर फडफडत होता, पण ती स्वतः डगमगत नव्हती. जोराची झुळूक आली की ती आढ्यावर पालथी पडायची आणि दोन्ही हातांनी मिठी मारायची. झुळूक ओसरली की पुन्हा सरकायची.

"अरे, दोर सैल सोड!" मावशीनं मुलाला हाक मारली. "ती पुढे आलीय. पुढच्या खुंटाला घे!"

मुलगा मान खाली घालून दोर सोडत, वेढे देत, एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर जात होता. बायको वर, नवरा खाली, मधे सगळं छप्पर.

"कुठपर्यंत पोचली गं आई?" त्यानं विचारलं.

"वर बघ की."

"तूच सांग."

"राणीसारखी बसलीय. चल, पुढचा खुंट."

तिथं पोचल्यावर सुनेला चीर सापडायला वेळ लागला नाही. एक कौल मधोमध तडकलं होतं आणि तड्यातून शेवाळ उगवलं होतं. तिनं ते काढलं, खाली पडू नये म्हणून पिशवीत टाकलं, नवं बसवलं. मग शेजारची दोन स्वतःहून वाजवली. मावशी खालून कान देऊन ऐकत होती. एक खणकन बोललं, एक बद्द.

"ते दुसरं..." मावशी ओरडायला गेली, पण सुनेनं ते आधीच उचकटलं होतं.

दुपारी ओव्हरसियर आला. मुलानं बंब काढला, पाइप जोडला आणि छपरावर पाण्याचा झोत सोडला. उन्हात पाणी आढ्यावर आपटून दोन्हीकडे धावलं आणि वळचणीवरून पडदा कोसळावा तसं खाली आलं. आसपासची पोरं ओरडत त्याखाली भिजायला पळाली. आत मात्र ओव्हरसियर आणि मावशी दोघंच उभे होते, माना वर करून. बाहेरचा गोंगाट आत घुमत होता. फरशी कोरडी होती.

"अजून जोरात मारा म्हणावं," मावशी म्हणाली.

"पुरे हो मावशी."

"पुरे कसं? तान्ही पोरं झोपणार आहेत. माझा नातूसुद्धा यातच असणार. घोड्यांच्या जागी आमचं शिंगरू. जोरात मार रे!"

पाणी आणखी चढलं. ओव्हरसियरनं पूर्ण तबेला दोनदा फिरून पाहिला, कोपऱ्यात हात लावून पाहिला. मग जुन्या दाराच्या टोकाला थांबला. "इथं दोन कौलं नवी दिसतात. इथंही गळत होतं का?"

सून तेव्हा दारातून आत येत होती, ओली, गुडघे खरचटलेले. तिनं तोंड उघडलं, पण मावशीनं तिला बोलू दिलं नाही.

"नव्हतं गळत. मी खालून उलटं मोजलं. वर जी होती तिचं बरोबर होतं, मी तिला चांगलं छप्पर फाडायला लावलं. नंतर मीच तिला उतर म्हटलं. पत्रा बसू दे म्हटलं. तिनं ऐकलं नाही."

"बरं झालं ऐकलं नाही," ओव्हरसियर म्हणाला. तो स्वतः मोकळा झाल्यासारखा हसला. "पत्रे परत पाठवतो. आता पुढच्या महिन्यात शाळेचं छप्पर आहे. मावशी, कधी सुरू करता?"

मावशीनं नकाराची मान हलवली आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथं ठेवताना ती पुन्हा ताठ झाली होती, दुखरा गुडघा विसरून.

"आढं जिच्याकडे, तिला विचारायचं. मिस्त्री ही आहे."

ओव्हरसियरनं सुनेकडे वळून विचारलं, "मिस्त्री, कधी?"

सून लाजली नाही, की तिनं सासूकडे पाहिलं नाही. तिनं भिंतीवर हात टेकून जरा विचार केला. "आधी वारा पडू दे. मग आठ दिवस मला शाळा रिकामी पाहिजे, पोरं खाली नकोत. आणि खालून हाक द्यायला आईच हव्यात. फक्त त्यांना जुन्या दाराशी बसवायचं."

बंबवाले हसले, सायकलवाला हसला, मुलगा पहिल्यांदाच मान वर करून हसला. मावशीही हसली. "बसीन बाई, सांगशील तिथं बसीन," ती म्हणाली.

"आणि आई," सून केस पिळत म्हणाली, "प्रसूतिघराची खालची पन्हळ तुंबलीय. नर्सबाई काल सांगून गेल्या. पानं साचलीत. तिथं चढावं लागत नाही, अंगणातल्या ओट्यावर उभं राहिलं की हात पोचतो. तुमचा पाय मानत असेल तर..."

"मानतोय की. न मानायला काय झालं?"

मावशीनं कोपऱ्यातली बादली उचलली, त्यात थापी टाकली आणि रस्त्याला लागली. प्रसूतिघराच्या ओट्यावर पोचून तिनं पदर खोचला आणि पन्हळीतली कुजकी पानं मुठीमुठीनं बादलीत भरायला लागली.